व्यासपीठावरून विधिमंडळात : रेव्ह. टॉमी डग्लस

कॅनडा देशाचे नाव काढले की आपल्यापैकी पुष्कळांना मिरजेचे सर विल्यम वानलेस आठवतील. कॅनडात जन्मलेला हा तरुण डॉक्टर 1889 साली भारतात आला आणि पुढे मिरजेच्या त्याच्या मिशन दवाखान्यात दूरदूरच्या खेड्यांतून बैलगाड्या भरभरून रोगी येऊ लागले. अशा दवाखान्यांचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. आपल्यापैकी कित्येकांचा जन्मच मिशन दवाखान्यात झाला असेल. परंतु आज ज्यांची ओळख करून द्यावयाची आहे, त्या कॅनडाच्याच दुसऱ्या एका प्रभुसेवकाने या बाबतीत एक अवघड प्रश्न उभा केला. दयाळू डॉक्टर भेटला तर गरिबाचे मूल वाचते. न भेटला तर? मुलाचे जगणे अशा योगायोगावर सोडून देणे ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या समाजाला शोभते काय? हा प्रश्न विचारणारे गृहस्थ डॉक्टर नव्हते. ते एका लहानशा गावातील बाप्टिस्ट मंडळीचे पाळक होते, आणि स्वतःच्या उजव्या पायाने त्यांना हा प्रश्न शिकविला होता.

थॉमस क्लेमेंट डग्लस यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1904 रोजी स्कॉटलंडमधील फॉलकर्क शहरानजीक कॅमेलन येथे झाला. वडील लोखंडाच्या ओतशाळेत साचेकाम करीत. 1910 च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी कॅनडातील विनिपेग शहरी गेले. त्यापूर्वीच, मायदेशी असताना, लहानगा टॉमी पडला होता आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला जखम झाली होती. जखम वरून साधी दिसली, पण विकार हाडात शिरला. हाडात पू होऊन ते आतून कुजत जाण्याचा तो रोग होता. प्रतिजैविक औषधांचा शोध लागण्यापूर्वीचा तो काळ. त्या दिवसांत अशा रोगावर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करून कुजलेला भाग खरवडणे एवढाच उपाय असे. स्कॉटलंडमध्ये ते सारे झाले. तरीही विनिपेगला आल्यावर दुखणे पुन्हा उसळले. पोर कुबड्यांवर आले. विनिपेगच्या थंडीत शेजारची मुले, तीही परदेशांतून आलेल्या गरीब स्थलांतरितांचीच, त्याला बर्फावरच्या घसरगाडीत बसवून शाळेत ओढीत नेत असत.

अखेरीस रुग्णालयातील डॉक्टरांनी पाय कापावयाचे ठरविले. मोठ्या तज्ज्ञाकडे जाण्याची ऐपत असती तर कदाचित दुसरा मार्ग निघाला असता. पण ओतशाळेतील कामगाराच्या मिळकतीत तज्ज्ञाची फी कोठून बसणार? मुलगा धर्मादाय वॉर्डात होता. त्या वॉर्डातून फिरत असता एका नामांकित अस्थिशल्यविशारदाचे लक्ष त्याच्या पायाकडे गेले. आपल्या विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी हा रोगी उपयोगी पडेल असे त्यांना वाटले. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्यास आईवडिलांची संमती असेल तर आपण फी घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. आईवडिलांनी संमती दिली. एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि पाय वाचला.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी असे घडले असते तर आपण मंडळीत उभे राहून साक्ष दिली असती आणि देवाची स्तुती केली असती. डग्लस कुटुंबानेही देवाचे उपकार मानलेच. त्या डॉक्टरविषयी टॉमीच्या मनात जन्मभर कृतज्ञता होती. परंतु वय वाढले तसा एक विचार त्याच्या मनातून हलेना. ज्या कारणाने आपला पाय वाचला ते कारण आपल्या आजाराशी संबंधित नव्हतेच. तो डॉक्टर त्या दिवशी त्या वॉर्डात आला नसता तर? आपल्या शेजारच्या खाटेवरील पोराचा रोग शिकविण्यासारखा नसेल, तर त्याचा पाय गेलाच ना? श्रीमंताच्या मुलाला असा योगायोग लागत नाही. उपकार स्मरत असतानाच हा अन्यायही विसरता न येणे, हा त्यांच्या स्वभावातील विशेष मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पहिल्या महायुद्धात वडील सैन्यात गेल्यामुळे कुटुंब काही वर्षे ग्लासगोला राहिले व युद्ध संपल्यावर विनिपेगला परतले. 1919 साली त्या शहरात कामगारांचा प्रचंड संप झाला. 21 जूनच्या शनिवारी घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. चौदा वर्षांचा टॉमी एका इमारतीच्या छपरावरून ते पाहत होता. त्या संपात ज्यांना अटक झाली त्यांत जे. एस. वुड्सवर्थ होते. हे मेथॉडिस्ट पाळक पूर्वी विनिपेगच्या गरीब वस्तीत मिशनचे काम चालवीत असत, आणि डग्लस घराण्याला त्यांच्याविषयी नितांत आदर होता. देवाचे वचन सांगणारा मनुष्य गरिबांच्या बाजूने बोलल्यामुळे तुरुंगात जातो, ही गोष्ट त्या वयात मनावर कोरली गेली असल्यास नवल नाही.

शाळा सोडून टॉमी छापखान्यात उमेदवारी करू लागला आणि लायनोटाइप यंत्रावर जुळारी झाला. फावल्या वेळी मुष्टियुद्ध! ज्या पायाची आशा सोडली होती त्याच पायावर उभा राहून त्याने 1922 साली मॅनिटोबा प्रांताचे हलक्या वजनाच्या गटातील अजिंक्यपद पटकावले, व पुढील वर्षी ते राखले. त्यात नाक मोडले, दातही गेले. आईवडिलांना हा नाद मुळीच पसंत नव्हता. पुढे पाळकीय सेवेचे पाचारण ओळखून 1924 मध्ये तो ब्रँडन येथील बाप्टिस्ट महाविद्यालयात दाखल झाला. सहा वर्षे शिक्षण, सुटीच्या दिवशी खेड्यापाड्यांतून उपदेश, असा क्रम होता. 1930 साली पदवी, आयर्मा डेम्प्सी यांच्याशी विवाह, पाळकीय दीक्षा आणि सस्कॅचेवान प्रांतातील वेबर्न गावच्या कॅल्व्हरी बाप्टिस्ट मंडळीची जबाबदारी, या चारही गोष्टी एकाच वर्षात आल्या.

सस्कॅचेवान म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेली गव्हाची सपाट जमीन. तरुण पाळक तेथे पोहोचला आणि जणू आकाश फिरले. वर्षामागून वर्षे पाऊस नाही. धुळीची वादळे इतकी की दिवसा दिवे लावावे लागत. त्यातच जगभर मंदी, गव्हाला भाव नाही. शेतकऱ्याजवळ रोकड अशी राहिलीच नाही. मंडळीच्या तळघरात डग्लस पतिपत्नींनी जुने कपडे व अन्न गोळा करून वाटण्यास प्रारंभ केला. 1931 साली एस्टेव्हानजवळील कोळसाखाणीत संप झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन कामगार मेले. त्या संपकऱ्यांच्या कुटुंबांना वेबर्नहून अन्नसामग्री धाडण्याचे काम या पाळकाने केले, त्यामुळे गावातील काही प्रतिष्ठित मंडळी नाराजही झाली.

पण त्यांच्या मनावर सर्वांत खोल घाव बसले ते दफनविधींचे. पाळकाला मृत्यू नवा नसतो. म्हाताऱ्या विश्वासणाऱ्याला निरोप देताना आशेची वचने आपोआप ओठी येतात. परंतु अपेंडिक्स फुटून गेलेल्या कोवळ्या मुलीला पुरताना काय बोलावे? वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर ती जगली असती, हे कबरेभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. डॉक्टरला बोलाविले तर बिल कोठून द्यावे या विवंचनेत घरच्यांनी एक दिवस काढला, दुसरा काढला, आणि तिसऱ्या दिवशी उशीर झाला, अशा कथा त्या काळी त्या मुलखात घरोघर होत्या. कर्त्या वयाचे, लेकुरवाळे पुरुषही डग्लस यांनी असेच पुरले. ही देवाची इच्छा होती असे त्या विधवांना सांगण्यास त्यांची जीभ रेटेना.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे. तिच्याविषयी सुवार्तिक एक असा तपशील देतो की ज्यावरून आपण उपदेश करताना सहसा घाईने पुढे जातो. तिने जवळचे होते नव्हते ते सारे वैद्यांवर खर्च केले होते आणि तिला गुण न येता तिचे दुखणे उलट वाढले होते. म्हणजे ती प्रभूकडे आली ती दोन रोग घेऊन. एक शरीराचा आणि दुसरा दारिद्र्याचा, आणि दुसरा पहिल्याच्या उपचारातून उपजलेला. प्रभू तिला निरोप देताना जे ग्रीक क्रियापद योजतो त्याचा अर्थ बरे करणे असाही होतो व तारणे असाही होतो. भाषांतरकाराला दोहोंपैकी एक शब्द निवडावा लागतो, आणि प्रत्येक वेळी अर्धा अर्थ हातातून निसटतो. डग्लस यांच्या उपदेशात हे दोन अर्थ वेगळे झालेच नाहीत, असे त्यांचे चरित्र वाचताना मला वाटत राहिले.

त्यांच्या जीवनातील एक काळी बाजू लपविणे योग्य होणार नाही. 1933 साली मॅकमास्टर विद्यापीठाच्या एम. ए. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्यात वेबर्नमधील काही गरीब कुटुंबांचा अभ्यास करून, मतिमंद ठरविलेल्या लोकांना समाजापासून वेगळे ठेवावे व त्यांचे निर्बीजीकरण करावे, अशी शिफारस त्यांनी केली. त्या काळी पुष्कळ सुशिक्षित लोक, त्यांत पाळकही, याला विज्ञान समजत होते. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात तसा कायदाही होता. तरीही ज्याला स्वतःला धर्मादाय वॉर्डातील एक केस म्हणून पाहिले गेले होते, त्याने दुर्बलांकडे अशा नजरेने पाहावे हे वाचताना वेदना होतात. 1936 साली ते युरोपात गेले असता त्यांनी नाझी जर्मनी डोळ्यांनी पाहिली व ते हादरून परतले. पुढे सत्ता हाती आल्यावर असा कायदा करण्याच्या शिफारशी त्यांच्यासमोर आल्या, आणि त्यांनी त्या फेटाळल्या. सस्कॅचेवानमध्ये तो कायदा कधीच झाला नाही. त्या प्रबंधाविषयी मात्र ते पुढे फारसे बोलले नाहीत. बोलावयास हवे होते.

आता राजकारणाकडे वळू. 1932 साली शेतकरी, कामगार व समाजवादी विचारांचे लोक एकत्र येऊन को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन नावाचा पक्ष स्थापन झाला. वुड्सवर्थ त्याचे नेते होते. डग्लस 1934 च्या प्रांतिक निवडणुकीत हरले, आणि त्यानंतर पुन्हा व्यासपीठाकडेच वळणार होते. अशा वेळी मंडळीच्या एका वरिष्ठाने त्यांना तंबी दिली, की पुन्हा निवडणूक लढविल्यास तुम्हाला कोठेही मंडळी मिळणार नाही. या तंबीमुळेच आपण उभे राहिलो, असे ते पुढे हसत सांगत. 1935 साली ते खासदार झाले. महायुद्धात त्यांनी सैन्यात नाव घातले, पण वैद्यकीय तपासणीत जुना पाय आड आला. ज्या तुकडीबरोबर ते जावयाचे होते ती हाँगकाँगला गेली, आणि तेथे तिच्यातील सैनिक मारले गेले वा जपान्यांच्या कैदेत पडले. त्या पायाने त्यांना दुसऱ्यांदा काही शिकविले असावे.

1944 च्या जून महिन्यात त्यांच्या पक्षाने सस्कॅचेवानच्या विधिमंडळात 47 जागा जिंकल्या आणि एकोणचाळीस वर्षांचा हा पाळक प्रांताचा मुख्यमंत्री झाला. मुख्यमंत्र्याने आरोग्य खाते स्वतःकडे ठेवले, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. तिजोरी रिकामी होती. तरी पहिल्याच वर्षात वृद्धत्ववेतन घेणारे, विधवा माता व त्यांची मुले, अंध यांना औषधोपचार विनामूल्य झाले. कर्करोगाचे व मानसिक आजारांचे उपचारही सरकारने आपल्याकडे घेतले. 1946 मध्ये विमानातून रोगी आणण्याची सेवा सुरू झाली. हिवाळ्यात बर्फाने रस्ते बुजत तेव्हा शेतातच विमान उतरून अडलेल्या बाळंतिणीला उचलून नेई. उत्तर अमेरिकेत नागरी सरकारने चालविलेली अशी सेवा पूर्वी कोठे नव्हती.

हे सर्व एकट्या डग्लस यांच्या डोक्यातून निघाले असे मात्र समजू नये. सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांनीच वाट पाडून ठेवली होती. 1914 साली सार्निया नावाच्या ग्रामपालिकेने, आपला डॉक्टर गाव सोडून जाऊ नये म्हणून, करातून त्याला पगार द्यावयाचे ठरविले. ते पाहून इतर गावांनीही तोच मार्ग धरला. क्षयरोगाचा उपचार त्या प्रांतात 1929 पासूनच विनामूल्य होता. गावाने मिळून विहीर खोदावी तसे या लोकांनी मिळून डॉक्टर ठेवले होते. डग्लस यांनी ती विहीर साऱ्या प्रांताची केली.

1 जानेवारी 1947 पासून रुग्णालय विमा योजना सर्वांना लागू झाली. तिचा परिणाम एका साध्या कुटुंबावर कसा झाला ते पाहू. माणशी वर्षाला 5 डॉलर वर्गणी. मात्र एका कुटुंबाकडून 30 डॉलरहून अधिक घ्यावयाचे नाही. म्हणजे नवराबायको व चार मुले यांचे 30 डॉलर, आणि आठ मुले असली तरी 30 च. बाकीचा खर्च सरकारी करातून. पूर्वी घरात कोणाची शस्त्रक्रिया निघाली की गाय विकावी काय, जमीन गहाण टाकावी काय, असा प्रश्न पडे. आता खाट, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा यांचे बिल घरी येईनासे झाले. आकडा लहान दिसतो, पण त्यात मोठी गोष्ट आहे. आजारपणाचा खर्च किती येईल हे कोणत्याही कुटुंबाला आधी ठाऊक नसते. वर्गणी किती हे ठाऊक असते. ठाऊक असलेल्या ओझ्याची तजवीज गरीबही करू शकतो.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे आधी दिले आणि वाढीव खर्च आपण परत येताना भरू असा शब्द दिला, हे आपल्या स्मरणात असेलच. जखमी मनुष्याजवळ कोणी काही मागितले नाही.

तथापि रुग्णालयाचे बिल गेले तरी डॉक्टरचे बिल राहिलेच. स्विफ्ट करंट या विभागाने 1946 पासून डॉक्टरांच्या फीचीही सोय करून दाखविली होती. पण साऱ्या प्रांतासाठी तेवढा पैसा नव्हता. डग्लस यांनी कर्ज काढून घाई केली नाही. पंधरा वर्षे ते थांबले. 1957 साली केंद्र सरकारने रुग्णालयांचा निम्मा खर्च उचलण्याचा कायदा केला, त्यामुळे प्रांताच्या तिजोरीत पैसा मोकळा झाला. मग 16 डिसेंबर 1959 रोजी त्यांनी आकाशवाणीवरून आपली योजना जाहीर केली: वर्गणी आधी भरावयाची, प्रत्येक रहिवाशाचा समावेश, सेवेचा दर्जा उत्तम, कारभार विधिमंडळाला जबाबदार, आणि सेवा देणारे व घेणारे या दोघांनाही मान्य होईल अशी व्यवस्था.

यातील शेवटच्या गोष्टीनेच घात केला. डॉक्टरांच्या संघटनेला योजना मान्य नव्हती. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सरकार उद्या रोग्याच्या खाटेजवळ येऊन उभे राहील, कोणती औषधे द्यावी ते सांगेल, अशी त्यांना खरोखर भीती वाटत होती. डॉक्टरांनी स्वतः चालविलेल्या विमा संस्था होत्या. ज्यांची ऐपत आहे त्यांनी त्यांत वर्गणी भरावी, आणि जे खरोखर गरीब आहेत तेवढ्यांचीच वर्गणी सरकारने द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता यात काय वावगे आहे? परंतु नेमके हेच डग्लस यांना नको होते. आपण गरीब आहोत असा दाखला घेऊन खिडकीपुढे उभे राहणे काय असते, ते मंदीच्या वर्षांत त्यांनी आपल्या मंडळीतील स्वाभिमानी शेतकऱ्यांच्या तोंडावर वाचले होते. दाखला दाखविणाऱ्याची सेवा हळूहळू निराळी होते, रांग निराळी होते, वॉर्डही निराळा होतो. त्या वॉर्डातूनच ते आले होते. वाचकहो, दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढलेल्या मनुष्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

1960 ची निवडणूक याच प्रश्नावर झाली. डॉक्टरांनी वर्गणी काढून जोरदार प्रचार केला, तरीही डग्लस जिंकले. नोव्हेंबर 1961 मध्ये कायदा संमत झाला. पण त्याच महिन्यात त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते, कारण नव्याने स्थापन झालेल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे देशपातळीवरील नेतृत्व त्यांच्याकडे आले होते. वादळ अंगावर घेतले ते त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांनी. या शांत, शिक्षकी पेशाच्या मनुष्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. डग्लस यांचे चरित्र लिहिताना त्यांना दोन ओळी तरी द्यावयासच हव्यात.

1 जुलै 1962 रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. काही निवडक रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू होती. सुरुवातीलाच एका ग्रामीण जोडप्याचे नऊ महिन्यांचे बाळ आजारी पडले. वाटेतील गावांत डॉक्टर नव्हते; यॉर्कटनला पोहोचण्यापूर्वीच मोटारीत ते बाळ गेले. वेळेवर डॉक्टर भेटला असता तर ते वाचलेच असते असे कोणी खात्रीने म्हणू शकत नव्हते. दोन्ही पक्षांनी मात्र त्या मृत्यूचा दोष परस्परांवर टाकला. आपले डॉक्टर आपल्याला हवेत म्हणून सरकारविरुद्ध जी समिती निघाली तिची सुरुवात रेजायना शहरातील काही मातांनी केली होती. एका धर्मगुरूने त्या सभांतून सरकारवर अत्यंत जहाल भाषणे केली. दुसऱ्या बाजूस सस्कॅटून, प्रिन्स अल्बर्ट इत्यादी ठिकाणी सामान्य नागरिकांनी सहकारी दवाखाने उघडले, आणि ब्रिटनमधून व अन्यत्र बोलाविलेले डॉक्टर तेथे काम करू लागले. तेव्हा सामान्य कुटुंबे एका बाजूस व स्वार्थी लोक दुसऱ्या बाजूस, असे सरळ चित्र नव्हते. भीती दोन्हीकडे होती, आणि दोन्हीकडे लेकरे होती.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेशी संबंधित असलेले लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली, आणि 23 जुलै रोजी तडजोड झाली. योजना सर्वांसाठी राहिली. डॉक्टर सरकारचे पगारी नोकर झाले नाहीत, प्रत्येक रोग्यामागे फी घेण्याची त्यांची पद्धत कायम राहिली. माणशी 12 व कुटुंबास 24 डॉलर अशी वर्षाची वर्गणी ठरली. दरम्यान 18 जून रोजी झालेल्या केंद्रीय निवडणुकीत रेजायनाच्या मतदारांनी डग्लस यांना पाडले होते. ज्या योजनेसाठी ते झटले तिच्याविषयीच्या संतापाचा तो परिणाम होता. काही महिन्यांनी दुसऱ्या प्रांतातून ते संसदेत परतले. लॉइड यांचे सरकार 1964 मध्ये पडले; परंतु नव्या सरकारला ही योजना मोडण्याचे धाडस झाले नाही, कारण तोपर्यंत घरोघर तिची सवय झाली होती. डॉक्टरांचे उत्पन्नही कमी न होता वाढले, कारण आता बुडीत बिल असे राहिलेच नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने 1964 साली सस्कॅचेवानचा धडा साऱ्या देशाने गिरवावा अशी शिफारस केली. डिसेंबर 1966 मध्ये कॅनडाच्या लोकसभेने तसा कायदा केला, तो 177 विरुद्ध 2 मतांनी. 1968 पासून तो अमलात आला व 1972 पर्यंत सर्व प्रांत त्यात सामील झाले. योजनेबाहेर वरकड फी आकारणे 1984 च्या कायद्याने थांबले.

या व्यवस्थेत आज उणिवा नाहीत असे कोणी म्हणणार नाही. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांसाठी तेथे महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, आणि दूरच्या गावांत डॉक्टर मिळणे अजूनही कठीण आहे. मूळ योजनेत रुग्णालयाबाहेरील औषधे, दात व चष्मे यांचा समावेश नव्हता; औषधांसाठी पहिला मर्यादित केंद्रीय कायदा 2024 साली झाला. डग्लस यांना या अपूर्णतेची जाणीव होती. उपचार आणि रोगी यांच्या मध्ये उभी असलेली पैशाची भिंत पाडणे हे काम पहिल्या टप्प्याचे होते. लोक मुळात आजारी पडू नयेत अशी व्यवस्था उभारणे हा दुसरा टप्पा, आणि तो अजून व्हावयाचा आहे, असे ते उतारवयात वारंवार सांगत. 1962 च्या तडजोडीत हा दुसरा टप्पाच बाजूला पडला, असे मला वाटते.

1971 पर्यंत ते पक्षाचे नेते होते व 1979 पर्यंत संसदेत. सरकारी पोलीस अनेक दशके त्यांच्यावर पाळत ठेवून होते, आणि त्या पाळतीची कागदपत्रे हजारावर पाने भरली, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. 1981 साली त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. तरी ते सभा घेत हिंडत राहिले. 24 फेब्रुवारी 1986 रोजी ओटावा येथे ते प्रभूमध्ये निजले. 2004 साली कॅनडाच्या दूरदर्शनवर देशातील सर्वश्रेष्ठ व्यक्ती निवडण्यासाठी लोकांची मते घेण्यात आली, तेव्हा पंतप्रधान, संशोधक व खेळाडू या सर्वांना मागे टाकून लोकांनी वेबर्नच्या या पाळकाला निवडले. धर्मादाय वॉर्डात त्यांचा पाय वाचविणाऱ्या डॉक्टरांची गोष्ट ते अखेरपर्यंत सभांतून सांगत असत.